सातपुडा न ओलांडलेल्या दिगंबरास

दिगंबर, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम तुझ्यासारख्याच कोणीतरी मरायच्या आधी स्वतःच्या सोयीने करून ठेवला असणार. तू गेल्यापासून चोपड्यात जो तो तुझे गोडवे गातो आहे. चौकात फलक लागला आहे, त्यावर तुझा फेटा बांधलेला फोटो आणि खाली रंगवलेली अक्षरं : ‘एकट्याने जीपने सातपुडा ओलांडून नर्मदामाईचं दर्शन घेणारे धाडसी व्यक्तिमत्त्व’. दुकानात जाता-येता मला ते वाचावं लागतं. पेंटरने ‘एकट्याने’ हा शब्द लाल रंगात काढला आहे.

तू सातपुडा ओलांडला नाहीस. नर्मदा तुला दिसलीसुद्धा नाही. हे तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मला माहीत आहे हे तुला माहीत होतं की नाही, यावर मी इतकी वर्षं डोकं खाजवलं, आणि होतंच, असं माझं मत झालं आहे. मला तुझी माफी नको होती. चारचौघांत तू नाक घासावंस असंही मला कधी वाटलं नाही. मला एवढंच हवं होतं, की एकदा माझ्या दुकानात येऊन, त्या मोडक्या स्टुलावर बसून तू म्हणावंस, ‘भास्कर, मी गेलोच नव्हतो रे.’ एवढं म्हणायला तुझ्या जिभेला काय झालं होतं? एरवी तर ती गावभर पळायची.

लोकांना वाटतं जीप तूच शोधलीस, डोंगर तूच शोधलास आणि मी विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी बांधणारा माणूस, हौशीने तुझ्यामागे बसायचो. खरं तर लष्कराच्या लिलावातली ती जीप दारात आली तेव्हा तुला तिच्या गिअरशेजारच्या दोन छोट्या दांड्या कशासाठी आहेत हेही ठाऊक नव्हतं. एकीने पुढच्या चाकांना जोर मिळतो आणि दुसरीने गाडी गोगलगाईसारखी पण अडेल तिथून वर चढते, हे तुला मी सांगितलं. आधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने फिरवावे लागतात, मगच ती दांडी कामाची, हेही मीच. ‘फिरव मग,’ तू म्हणालास आणि स्टेअरिंगवर जाऊन बसलास. तेव्हापासून आपली कामं ठरली ती ठरलीच. चिखल दिसला की उतरायचं मी. हब लावायचे मी, काढायचे मी. खोल पाणी असलं की बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा काढायचा, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवत नाही, आणि ठिणगी भिजून विझू नये म्हणून डिस्ट्रिब्युटरवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळायचा, तोही मी. मग धोतर खोचल्यासारखी पँट वर करून, काठी टेकत पाण्यात पुढे चालायचं. मी छातीपर्यंत बुडालो की तू वरून ओरडायचास, ‘तठून नको, मांगे ये!’ जसं काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वाळूत चाकं फसू नयेत म्हणून आपण मागच्या बाजूला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे भारे बांधून न्यायचो. पऱ्हाट्या चाकाखाली अंथरायच्या, गाडी पुढे गेली की गोळा करायच्या, पुन्हा पुढे नेऊन अंथरायच्या. माझ्या हातांची काय दशा व्हायची ते आईने पाहिलं होतं. ती तेल लावताना तुझ्या नावाने बोटं मोडायची आणि दुसऱ्या दिवशी तू आलास की तुलाच आधी भाकरी वाढायची.

आणि तरी, दिगंबर, त्या हिवाळ्यांसारखं मला आयुष्यात दुसरं काही मिळालं नाही. हे कबूल करताना मला तुझा रागच येतो. कपाशीची वेचणी सरत आली की तू दुकानासमोर हॉर्न वाजवायचास आणि मी ग्राहकाची अर्धी उघडलेली मोटार तशीच टेबलावर टाकून निघायचो. आपल्या डोंगराखालच्या वैजापूरच्या पुढे डांबर संपलं की तू गाणं म्हणायचास, तेही बेसूर. लाकडाच्या ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या, मग बैलगाडीची वाट, मग नुसती पायवाट, आणि मग वाट म्हणावं असं काही नाही. नकाशा नव्हता. भेटेल त्याला विचारायचं. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला निघालेल्या बाया आपल्या गाडीकडे पाहून हसायच्या, कारण त्या पायी पुढे निघून जायच्या आणि आपण त्याच नाल्यात दुपारपर्यंत. एका पहाटे धारेवर गाडी उभी करून तू मला उठवलंस. खाली धुक्याने सगळं खोरं भरलं होतं, तापीपर्यंत. तू तुझा कोरडा सदरा मला दिलास, कारण माझा आदल्या दिवसापासून ओलाच होता, आणि म्हणालास, ‘भास्कर, पल्ल्याड जाऊत रे एक डाव. नर्मदापर्यंत.’ त्या वेळी तू खोटं बोलत नव्हतास.

आग्रा रोडने एस.टी.त बसलं की खलघाटला नर्मदेच्या पुलावर माणूस झोपेतसुद्धा पोचतो, हे आपल्याला माहीत होतं. पण ते पोचणं आपल्याला नको होतं. आपल्याला आपल्या गावाच्या मागचा डोंगर चढून पलीकडे उतरायचं होतं. दर हिवाळ्यात आपण थोडं पुढे जायचो आणि अनेर नदीच्या वरच्या अंगाला, शेवटच्या पाड्यापुढच्या नाल्यात, दगडाच्या त्या पायरीशी थांबायचो. माणसाच्या कमरेएवढी पायरी. तू म्हणायचास जोरात घेतली की चढेल. मी म्हणायचो, दगड रचून उतार केल्याशिवाय चढणार नाही, आणि जोरात घेतलीस तर एक्सल जाईल. त्यावरून आपलं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, ‘मनाबिगर तू अनेर बी वलांडशी नही.’ तू म्हणालास, ‘स्टेरिंग मना हातमा शे. पानीमा उभं ऱ्हावाले कोनी बी चालस.’ हे भांडण अजून मिटलेलं नाही. मी आजही माझ्या बोलण्यावर ठाम आहे आणि पुढे काय झालं ते पाहता मीच बरोबर होतो.

त्याच वर्षी मला हिवताप झाला. आपल्याच डोंगरातला. मी दोन गोधड्यांत कुडकुडत पडलेला, आणि तू न सांगता एकटा निघून गेलास. आठ दिवस थांबला असतास तर डोंगर कुठे पळून जाणार होता? पण तुला दाखवून द्यायचं होतं.

त्यात तुझे थोरले भाऊ आबा. बाजार समितीची निवडणूक तोंडावर आलेली. तुझी बाजू घेतोय असं समजू नकोस, पण या एका गोष्टीत आबांचा वाटा तुझ्याएवढाच होता. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बसस्टँडसमोर मांडव घातला. बँड ठरवला, शाली आणल्या, धुळ्याहून पुढारी बोलावला, पत्रिका छापल्या. तू पोचलास की नाही हे कोणी विचारलंच नाही. आपल्याकडे सत्कार आधी ठरतो आणि पराक्रम नंतर त्यात बसवून घेतात. तुला यायला उशीर होत गेला तसा गावाचा उत्साह वाढत गेला. आणि मग एका संध्याकाळी धुळीने माखलेली जीप आली, पुढचं चाक वाकडं चालत होतं, आणि तू खाली उतरायच्या आत तुझ्या गळ्यात हार पडले.

मी गोधडी पांघरून दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. तुझा चेहरा मी नीट पाहिला. मला वाटलं माणूस दमला आहे. मायक्रोफोनवर आबा सांगत होते, तू नर्मदेत स्नान केलंस, आणि तू खाली मान घालून उभा. लोकांना तो विनय वाटला. मग एक म्हातारी जीपच्या मागे गेली, तिथे पाण्याचा लष्करी डबा होता, रेडिएटरसाठी आपण नेहमी भरून ठेवायचो तो. तिने विचारलं, ‘हाई नर्मदानं पानी शे का रे भाऊ?’ तू काय उत्तर दिलंस ते मी ऐकलं नाही. तू मान हलवलीस एवढं दिसलं. कशी हलवलीस, हो म्हणून की नाही म्हणून, हे तुझं तुला माहीत. पण म्हातारीने डब्याला हात लावून डोळ्याला लावला, आणि मग बायांची रांगच लागली, तांबे घेऊन, बाटल्या घेऊन, कोणी पेला घेऊन. रेडिएटरचं पाणी, दिगंबर! तिथे तोंड उघडलं असतंस तर लोक हसले असते, आबांनी तुला चार शिव्या दिल्या असत्या, आणि महिन्याभरात सगळे विसरले असते.

गर्दीतून वाट काढत तू माझ्याकडे आलास. मी रागात होतो, माझ्याशिवाय गेलास म्हणून. तरी विचारलं, ‘ती पायरी कशी चढली?’

‘नंतर सांगस,’ तू म्हणालास.

ते नंतर काही आलं नाही.

आमच्या घरी त्या पाण्याची बाटली माझी थोरली बहीण, अक्का, घेऊन आली. आईने ती देव्हाऱ्यात ठेवली. आईने नर्मदा कधी पाहिली नव्हती. मी तिला खलघाटला न्यायचं ठरवलं होतं, एस.टी.ने, ताप उतरला की. ती म्हणाली, ‘नर्मदामाय सोताच घर उनी. आते कसाले जाऊ मी तठे?’ आणि ते जाणं राहिलं. तुझ्यामुळे राहिलं. हे मी तुला कधी बोललो नाही, आता बोलतो.

आईच्या आजारात तू काय केलंस तेही मी विसरलेलो नाही. जळगावला दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा जीपमध्ये मागे गादी घालून तिला झोपवलंस आणि सबंध रस्ता इतका हळू चालवलास की मागून बैलगाडीवाला शिव्या देत पुढे गेला. खड्डा दिसला की थांबायचास. दगडावरून गाडी उडवणारा तू, त्या दिवशी साधा गतिरोधकसुद्धा तिला कळू दिला नाहीस. परत आणतानाही तसंच. मी तेव्हा मनातल्या मनात तुला माफ करून टाकलं होतं, एकटा गेलास त्याबद्दल.

आणि मग तो दिवस. आईला ऊर्ध्व लागला होता. अक्काने देव्हाऱ्यातून ती बाटली आणली, चमच्यात ओतली. तू उंबऱ्याशी उभा होतास. एकदम पुढे येऊन म्हणालास, ‘अक्का, हाई ऱ्हाऊ दे. साधं पानी पाज.’

अक्का थबकली. मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, याला काय झालंय? जाणाऱ्या जिवाच्या तोंडात नर्मदेचं पाणी घालायचं नाही तर कधी घालायचं? मी तुला दंडाला धरून बाहेर काढलं. अक्काने चमचा आईच्या ओठांना लावला. आईने ते घेतलं आणि थोड्या वेळाने गेली. तू ओसरीवर भिंतीकडे तोंड करून रडत होतास. अख्ख्या गल्लीला वाटलं, पोटच्या पोरासारखा रडतोय.

मला कळलं ते पुढच्या हिवाळ्यात. तू बोलावलं नाहीस, म्हणून मी एका लाकडाच्या ट्रकमध्ये बसून एकटाच वर गेलो, पुढे पायी शेवटच्या पाड्यावर. मला ती पायरी बघायची होती, तू कुठून गाडी चढवलीस ते. जामसिंग पावरा, ज्याच्या अंगणात आपण नेहमी थांबायचो आणि ज्याला चहाची पावडर द्यायचो, तो मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाला, ‘तुना दोस्त? तो तं आठेच व्हता. गाडी त्या आंबाखाले. चाक दगडमा गये, मंग बैल लाईसन काढं.’

‘आणि पुढे?’

‘पुढे तं आम्ही बी पायीच जातस.’

मी नाल्यात गेलो. पायरी होती तशी होती. खालच्या दगडावर लोखंड घासल्याची खूण होती, बस. तू माझ्या म्हणण्याप्रमाणे एक चिपसुद्धा रचली नव्हतीस. तिथेच खाली पाण्याचा डोह आहे, जिथून आपण डबा भरायचो. त्या डोहाशी बसल्यावर मला आईचे ओठ आठवले आणि तू तिथे असतास तर, दिगंबर, मी तुला त्यात बुडवलं असतं.

मी खाली आलो आणि तडक तुझ्या घरी. तू ओसरीवर होतास. मी म्हणालो, ‘पाड्यावर जाऊन आलो. जामसिंगकडे.’ तुझ्या हातातला कप तसाच राहिला. मी थांबलो. वहिनी आत होत्या, आबा शेतावर होते, आपण दोघंच होतो. याहून सोपी जागा मी तुला कुठून देणार होतो? तू म्हणालास, ‘यंदा केळीवर करपा फार शे.’ आणि करप्यावर बोलत राहिलास. कोणती फवारणी, सावद्याकडे काय म्हणतात, पानं कशी पिवळी पडतात. मी चहा पिऊन घरी आलो.

मी गावात सांगू शकलो असतो. पण मला गावाशी काही देणंघेणं नव्हतं. मला राग होता तो वेगळाच. तू खोटं बोललास हे एक झालं. त्या खोट्यापायी तू मला डोंगर बंद केलास हे दुसरं, आणि तेच मोठं. खरं सांगितलं असतंस तर पुढच्या हिवाळ्यात आपण दगड रचले असते, पायरी चढलो असतो, आणि कोणास ठाऊक, पलीकडे उतरलोही असतो. पण ओलांडलेला डोंगर पुन्हा कोण ओलांडतो? तू म्हणायला लागलास, गाडी आता थकली, वेळ नाही, केळीचं काम. जीप गोठ्याशेजारी उभी राहिली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या. वर्षातून एकदा शाळेत तुला भाषणाला बोलवायचे, आणि दरवेळी नर्मदा थोडी रुंद होत जायची. एकदा तर म्हणे तू तिथे मगर पाहिलीस. खोटं बोलावं, पण रेटून, हे तुला छान जमलं. समोरासमोर खरं बोलणं तेवढं जमलं नाही.

रस्त्यात भेटलास की थांबायचास. ‘काय भास्कर?’ ‘काय दिगंबर?’ बस. कधी कधी तू एक पाय दुकानाच्या पायरीवर ठेवायचास, मला वाटायचं आता बोलेल. तू पंख्याचा रेग्युलेटर दाखवून निघून जायचास. तुझ्या घरातले इतके रेग्युलेटर बिघडत होते यावर माझा आजही विश्वास नाही.

काल तुझी शोकसभा झाली. वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. सगळे बोलून झाल्यावर आबांनी माइक घेतला, त्यांचा आवाज खरंच फुटत होता, आणि ते म्हणाले, ‘दिगंबरना खरा सोबती तं भास्कर. त्यानी बोलाले पाह्यजे. दिगंबर डोंगर कसा वलांडी गया, ते त्यालेच माहीत.’

मी उठलो. मी काय बोलणार होतो ते मला स्वच्छ माहीत होतं. कितीतरी वर्षं ते वाक्य माझ्याजवळ तयार होतं आणि आता तू समोर नव्हतास, तुझी भीड नव्हती. मी माइकपाशी गेलो आणि समोर पाहिलं. दुसऱ्या रांगेत अक्का बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन. आईच्या शेवटच्या क्षणाची गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मायने नर्मदा पिऊन डोळे मिटले, असं भाग्य कोणाला मिळतं, म्हणते. नवरा अकाली गेला, पोर नाही, माझ्या घरात राहते, आणि तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं एवढंच आहे, की तिने आपल्या हाताने आईला नर्मदा पाजली.

हे तू मला करायला लावलंस, दिगंबर. याची भरपाई तू कुठल्या जन्मी करणार आहेस?

मी बोलायला लागलो. म्हणालो, पायरीला त्याने दगड रचले, एकट्याने, दिवसभर. हब स्वतः उतरून फिरवले, पंख्याचा पट्टा स्वतः काढला, काठी घेऊन स्वतः पाण्यात पुढे चालला आणि मग परत येऊन गाडी नेली. म्हणालो, वरून उतार लागला तेव्हा संध्याकाळ होती आणि खाली लांबवर पाणी चमकलं. त्याने चपला काढल्या. डबा धुतला, दोनदा धुतला, आणि मग कमरेएवढ्या पाण्यात जाऊन भरला. लोक रडत होते. आबा रडत होते. मला माझंच ऐकू येत होतं आणि वाटत होतं, तू असंच करायला हवं होतंस, अगदी असंच.

घरी येताना अक्का पदर सावरत माझ्याबरोबर चालत होती. मग कोपऱ्यावर थांबून म्हणाली, ‘तू तं तवय तापमा पडेल व्हता. तुले हाई बठ्ठं कसं माहीत?’

मी म्हणालो, ‘त्यानी सांगं.’

‘कवय?’

‘मांगेच. दुकानमा ईसन बसना, आनि त्यानी माले बठ्ठं सांगं.’